भागूबाई मरायच्या तेव्हा

नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या हातून सिस्टर भागूबाई मेल्या.

दुपारची वेळ होती. बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर बाई गळ्यापर्यंत चादर ओढून पडल्या होत्या. डोक्याला फडकं, कपाळावर ही मोठी टिकली. मला वाटलं, सिस्टरांना बरं नाही. टेबलावर औषधाची पेली भरून ठेवलेली होती. ती उचलून मी "घ्या" म्हटलं. त्यांनी निमूट घेतली, ओठ पुसले आणि विचारलं,

"काय पाजलं वं मले?"

"खोकल्याचं औषध."

"अन् मी कोण?"

"तुम्ही... सिस्टर."

"मी सिस्टर नाई. मी धानोऱ्याकडची जनाबाई. मले खोकला नाई, पोटात दुखून राह्यलं. खोकलेवाली जनाबाई तिकडं, दारापाशी. तू नाव इचारलं नाई, गाव इचारलं नाई, हातात होतं ते ओतलं." एवढं बोलून त्यांनी मान एका बाजूला टाकली आणि शांतपणे जाहीर केलं, "मेली मी."

पेलीत साखरेचं पाणी होतं, हे मला मागाहून कळलं. त्या वेळी मी नागपूरहून ताजं प्रमाणपत्र घेऊन आले होते. खोकल्याच्या औषधानं माणूस मरत नाही, असं मी म्हणून पाहिलं. प्रेतानं डोळे न उघडता उत्तर दिलं, "आज नाई मरत. उद्या दुसरी शिशी असंल तुह्या हाती."

मेलेल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. मी उभी राहिले. तेव्हा प्रेत पुन्हा बोललं, "उभी काऊन? माहा माणूस बाहेर बाकावर बसला हाय. त्याले सांगून ये."

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर खरोखरच एक माणूस बसला होता. तो आमचा कंपाउंडर रहीमभाऊ. सडपातळ बांधा, मेंदी लावलेली दाढी, डोक्यावर काळी टोपी, हातात मिक्श्चरची अर्धी भरलेली बाटली. मी दारातूनच म्हटलं, "अहो, त्या जनाबाई वारल्या."

"बरं," रहीमभाऊ बाटली हलवत म्हणाले. "मंग मी जाऊ का? तिकडं लाइन लागली हाय औषधाले."

आतून मयताचा आवाज आला, "रहीमभाऊ! नीट रडा! अन् पोरी, उभ्यानं सांगतलं तू. पुन्हा सांग!"

असं हे आमचं ट्रेनिंग. आम्ही तेव्हा नकाशात मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूर होती आणि चांदा जिल्ह्याच्या जंगलातला आमचा दवाखाना दोघांच्याही खिजगणतीत नव्हता. एक डॉक्टर, एक कंपाउंडर, एक सिस्टर आणि नव्यानं लागलेल्या आम्ही दोघी. मी कमल, आलापल्लीच्या लाकूड डेपोतल्या मुन्शींची मुलगी. दुसरी लक्ष्मी, सिरोंच्याची, मराठी बोलतानाही तेलुगूत विचार करणारी. सहा महिन्यांनी आम्हाला कायम करायचं की घरी धाडायचं, ते भागूबाईंच्या शब्दावर होतं. घरी धाडलं तर माझ्यासाठी बल्लारशाच्या एका लाकडाच्या ठेकेदाराचं स्थळ तयार होतं. ठेकेदार माझ्या वडिलांपेक्षा दोनच वर्षांनी लहान होता. त्यामुळे मी अभ्यास फार मन लावून केला.

भागूबाई अंगानं आडव्या आणि आवाजानं उभ्या. पांढरं पातळ, घट्ट अंबाडा, पायात टायरच्या वहाणा. वॉर्डात शिरल्या की उशांनासुद्धा आपण सरळ बसावंसं वाटे. नर्सची परीक्षा तोंडी किंवा लेखी घेता येते, यावर त्यांचा विश्वास नव्हता. "वही कवा मरत नाई," त्या म्हणत. "वहीत चूक झाली तर खोडता येते. इथी कशानं खोडशीन?" म्हणून त्या स्वतःच पेशंट होत. कधी, कुठल्या खाटेवर, कुठला आजार घेऊन, याचा नेम नसे. कधी बहिऱ्या म्हातारीचा अवतार, कधी पहिलटकरीण, तर कधी पहिलटकरणीच्या वतीनं सगळी उत्तरं स्वतःच देणारी सासू. या सासूला युक्तीनं बाहेर काढून सुनेला खरं दुखणं विचारणं, ही आमची सर्वांत कठीण परीक्षा होती. मी सासूला "चहा झालाय" असं सांगून बाहेर घालवलं, तर बाई खरंच चहा पिऊन आल्या आणि म्हणाल्या, "हे जमलं तुले."

हसणं मात्र प्राणघातक होतं. एकदा बाई सिरोंच्याकडच्या कोळीण झाल्या. पोट धरून खाटेवर गडाबडा लोळत त्या तेलुगूत ओरडू लागल्या, "वंकाया! अय्यो, वंकाया!"

लक्ष्मी आधी ओठ चावत राहिली, मग भिंतीला टेकली, आणि मग खालीच बसून हसायला लागली. मला काही कळेना. तेलुगूत वंकाया म्हणजे वांगी. दुखण्याला नोप्पी म्हणतात.

बाई उठून बसल्या. "वांगी? पण मी त्या दिशेच्या साऱ्या बायायले इचारतो न, वंकाया हाय का, लय वंकाया हाय का म्हून. त्या माना डोलवतात." मग त्यांना काहीतरी आठवलं. मागे एका पेशंटचा नवरा सिरोंच्याहून टोपलीभर वांगी घेऊन आला होता. ती बाईंनी मोठ्या समाधानानं, पेशंटची माया म्हणून, भरून खाल्ली होती. त्यांनी विस्कटलेली चादर सारखी केली. मग पुन्हा आडव्या झाल्या आणि लक्ष्मीकडे पाहून म्हणाल्या, "पण तू हसली. पेशंटले हसली. मेली मी."

त्या दिवसापासून मात्र बाईंनी लक्ष्मीकडून रोज थोडी तेलुगू शिकायला सुरुवात केली. शिकताना त्या वर्गातल्या ढ मुलीसारख्या मान खाली घालून बसत.

पण भागूबाईंचं सगळ्यात गाजलेलं दुखणं ठरलं ते सिव्हिल सर्जनसाहेबांमुळे. मोहफुलं वेचायचे दिवस होते. त्या दिवसांत पहाटे झाडाखाली माणसंही जातात आणि अस्वलंही. अशी एखादी ओरबाडलेली बाई दर वर्षी येते, तेव्हा नव्या नर्सनं घाबरू नये म्हणून बाईंनी अंगाला चुलीची राख फासली, खांद्यावर, गालावर लाल औषधाच्या रेघा ओढल्या आणि त्या खाटेवर विव्हळत पडल्या. लक्ष्मीची परीक्षा सुरू झाली. तिनं जखम धुतली, पट्टी घेतली, आणि तेवढ्यात न कळवता चांद्याहून सिव्हिल सर्जनसाहेब तपासणीला आले.

साहेब सरळ त्या खाटेशी गेले. "माय गॉड! ही केस इथे कशी? हिला माझ्या जीपमधून ताबडतोब चांद्याला हलवा."

आमचे डॉक्टर काही बोलणार, तोवर बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गप्प झाले. लक्ष्मीची पट्टी अर्धी बांधून व्हायची होती. परीक्षा अर्ध्यात सोडणं बाईंच्या तत्त्वात बसत नव्हतं. स्ट्रेचर आलं. बाईंना चौघांनी उचललं. त्यातला एक साहेबांचा शिपाई होता, तो पाठीत उसण भरल्यामुळे नंतर आमच्याकडेच दाखल झाला. लक्ष्मी बिचारी स्ट्रेचरबरोबर चालत पट्टी बांधत होती. जीपमध्ये ठेवल्यावर तिनं शेवटची गाठ मारली. बाईंनी गाठ ओढून पाहिली, खांदा हलवून पाहिला, उठून बसल्या आणि म्हणाल्या, "पास!" मग जीपमधून उतरून, साहेबांना नमस्कार करून, तोंड धुवायला निघून गेल्या.

साहेबांनी त्या वर्षी तपासणीच्या शेऱ्यात काय लिहिलं, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही.

या साऱ्यात रहीमभाऊंची फार ओढाताण व्हायची. बाई मेल्या की त्यांना औषधं टाकून बाकावर येऊन बसावं लागे. कधी नवरा, कधी बाप, एकदा तर टॉवेल डोक्यावरून घेऊन आई. आणि तिथं बाईंचा नियम वॉर्डातल्यापेक्षा कडक होता. उभ्यानं सांगायचं नाही. आधी शेजारी बसायचं. माणसाचं नाव घ्यायचं. गेली असेल तर 'गेली' म्हणायचं, गोलगोल बोलायचं नाही. आणि सांगून पळायचं नाही. तो उठेपर्यंत आपण उठायचं नाही.

सुरुवातीला रहीमभाऊ नुसते "अरे अरे" म्हणत. हळूहळू त्यांना त्यात गती आली. एकदा मी शेजारी बसून नीट सांगितलं, आणि आता सुटले असं वाटत असताना ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "शेवटी पाणी मागतलं का तिनं?"

मी पाहिलंच नव्हतं. आत बाई मेलेल्या होत्या, त्यांनीही काही मदत केली नाही.

गावात या गोष्टीची चर्चा होतीच. रहीमभाऊंची बायको, आम्ही त्यांना भाभी म्हणायचो, बाजारात भेटल्या की बुरख्याआडून हसत विचारायच्या, "कमलबाई, आज हमारी सौतन मरी के नहीं? ये आए नहीं खाना खाने." भागूबाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी उलटा निरोप धाडला, "सवतीले म्हणा, नवरा तुहाच ठेव. मले फक्त रडाले पायजे."

पावसाळा ओसरता ओसरता आमचे सहा महिने भरत आले. आता कुठल्याही क्षणी शेवटची परीक्षा होणार हे आम्ही दोघी जाणून होतो. त्या आठवड्यात मी झाडूवालीलासुद्धा नाव-गाव विचारल्याशिवाय बोलत नव्हते.

आणि एका सकाळी खिडकीजवळच्या खाटेवर बाई पडलेल्या दिसल्या. दोन घोंगड्या अंगावर, दात वाजतायत.

मी मनात म्हटलं, आली. पदर खोचला, स्टूल ओढून शेजारी बसले. "बाई, नाव काय तुमचं?"

"भागू," त्या म्हणाल्या.

वा, आज स्वतःचंच नाव! "गाव?"

"आरमोरी."

"काय होतंय?"

"थंडी वाजून राह्यली वं."

कपाळ तापलेलं होतं. पण मी फसणार नव्हते. मागे एकदा त्यांनी कपाळाला गरम पाण्याची पिशवी लावून ठेवून लक्ष्मीला फसवलं होतं. मी पिशवी शोधली. उशीखाली नव्हती, पायाशी नव्हती. थर्मामीटर लावला, पारा एकशे चारच्या वर. हीही त्यांची जुनी युक्ती, थर्मामीटर चहात बुडवायचा. मी खाटेखाली वाकून कप शोधला. खाटेखाली फक्त त्यांच्या वहाणा होत्या, एक उलटी पडलेली.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मी थर्मामीटर लावण्याआधी झटकलाच नव्हता. केवढी मोठी चूक! झटक्यात चूक, पारा खोटा, औषध खोटं, पेशंट खलास. मी श्वास रोखून बाईंकडे पाहिलं.

बाई काहीच बोलल्या नाहीत.

मी चूक केली होती आणि बाई मेल्या नव्हत्या. मी उठले आणि डॉक्टरांकडे धावत सुटले.

मलेरिया होता, आणि साधा नव्हता. दुपारपर्यंत बाई बरळू लागल्या. कुणाला तरी म्हणत होत्या, "बैल सोडू नको, आत्ता निंगतो." डॉक्टरांनी क्विनीनचं इंजेक्शन दिलं, पुढचं कधी द्यायचं ते सांगितलं, आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "ताप डोक्यात चढतोय. त्यांचं कोणी असेल तर सांगून ठेवलेलं बरं."

त्यांचं कोण होतं? आम्हाला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. रोज ज्यांच्या नातेवाइकांना आम्ही बातमी सांगत होतो, त्यांना नातेवाईक नव्हते.

मी व्हरांड्यात आले. बाकावर रहीमभाऊ बसले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. औषधाच्या खिडकीला कडी घातलेली होती, टोपी हातात होती. मी त्यांच्या शेजारी बसले.

"भागूबाईंना ताप डोक्यात चढतोय," मी म्हटलं. "इंजेक्शन दिलंय. उतरेल असं डॉक्टर म्हणत नाहीत, नाही उतरणार असंही म्हणत नाहीत. लक्ष्मी जवळ बसली आहे. चमच्यानं पाणी घेताहेत."

रहीमभाऊंनी मान हलवली. आज त्यांनी काही विचारलं नाही. मी उठले नाही. समोर आवारात एक बैलगाडी सोडलेली होती, बैल रवंथ करत होते. त्यांच्याकडे पाहत रहीमभाऊ म्हणाले, "तुले काय वाटते, मले नाटकाचा शौक हाय? पयल्या दिशी मी नाईच म्हटलं होतं. बाई, म्हटलं, मी कंपाउंडर आदमी, हे रडणं-बिडणं माह्याच्यानं होत नाई. तवा तिनं मले सांगतलं."

मग त्यांनी मला जे सांगितलं, ते असं. भागूबाईंचा नवरा आरमोरीला कोशाचं रेशमी कापड विणायचा. लग्नाला थोडीच वर्षं झाली होती. त्याला ताप आला तो हटेना, तेव्हा त्यांनी गाडीत घालून त्याला दूर कुठल्याशा मोठ्या दवाखान्यात नेलं. बायकोला आत सोडेनात. ती बाहेर बाकावर बसून राहिली, फडक्यात भात बांधून, त्यानं मागितला तर असावा म्हणून. तिसऱ्या दिवशी एक नर्स बाहेर आली आणि चालता चालता म्हणाली, "खाट रिकामी करायची आहे. तुझ्या माणसाला केव्हा नेतेस?"

"हिले वाटलं, बरा झाला," रहीमभाऊ म्हणाले. "खुश झाली. म्हणते, आत्ता नेतो बाई, आत्ताच नेतो. धावत गेली अन् गाडी जोडली. गाडीत गवत पसरलं, त्याले गचके बसू नाई म्हून. मंग आत गेली."

ते टोपी दोन्ही हातांनी फिरवत राहिले.

"त्या नर्सलेही ती शिव्या देत नाई," ते म्हणाले. "म्हणते, तिले कोणी शिकवलंच नसंल. अशी गोष्ट हाय. मंग मी कसा नाई म्हणू? बसतो इथी येऊन."

पहाटे बाईंना दरदरून घाम फुटला आणि ताप उतरायला लागला. दोन दिवसांनी त्यांनी डोळे नीट उघडले आणि पहिलं वाक्य बोलल्या ते लक्ष्मीला, "चादरीले सुरकुती हाय." आम्ही दोघी रडलो.

खऱ्या पेशंट म्हणून भागूबाई अगदी नापास होत्या. औषध घेताना तोंड फिरवत. बेडपॅन आणलं तर स्वतः उठून जायला निघत आणि दोन पावलांवर चक्कर येऊन आमच्या अंगावर कोसळत. मी नाडी पाहायला लागले की माझ्याबरोबर तोंडानं मोजत आणि माझी मोजणी चुकवत. डॉक्टर रोज रागावत. एके दुपारी भाभी बुरखा सावरत आल्या, हातात तांदळाच्या पेजेचा डबा. दारातच म्हणाल्या, "कहाँ है मेरी सौतन?" आणि खाटेवर बसून, बाईंच्या "मी घेतो, मी घेतो"कडे लक्ष न देता, एकेक चमचा त्यांच्या तोंडात घालू लागल्या. बाई आधी संकोचल्या, मग चिडल्या आणि मग मुकाट्यानं पिऊ लागल्या. डबा संपला तेव्हा भाभींनी आपल्या ओढणीनं त्यांचं तोंड पुसलं.

आमच्या नोकरीचा निकाल बाईंनी पडल्या पडल्याच दिला. डॉक्टर कागद घेऊन आले होते. "दोघींले कायम करा," त्या म्हणाल्या. "लक्ष्मी हसते, पण हात हलका हाय. अन् ही कमल थर्मामीटर झटकत नाई." म्हणजे त्यांनी पाहिलं होतं! "पण रहीमभाऊ सांगत होते, बाहेर बसून बोलली म्हणे. करा कायम." बल्लारशाचा ठेकेदार सुटला, आणि मीही.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी मी त्यांचे केस विंचरून दिले. आठवडाभराचा गुंता होता. त्या ओरडत होत्या, मी सोडवत होते. वेणी घातली, उशी फिरवून दिली. आणि ताप परत तर येत नाही ना, म्हणून कपाळावर हात ठेवून पाहिला. कपाळ गार होतं.

"ताप नाही आता," मी म्हटलं.

"हं," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते.

मी हात उचलायला गेले, तर त्यांनी चादरीतून आपला हात काढला आणि माझ्या हातावर ठेवला. जड, राकट हात होता. कितीतरी कपाळांवरून तो फिरला असेल.

"कामं पडली आहेत, बाई," मी म्हटलं.

"असू दे," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "घाई हाय का तुले?"

मी दुसऱ्या हातानं स्टूल जवळ ओढलं आणि बसले.